तिसरं वल्हं

सोमवार, ७ ऑक्टोबर
मणक्यातली चकती सरकून आज सात आठवडे. किनाऱ्यावरच्या आमच्या जीवरक्षक क्लबची बोट लाटा फोडून बाहेर न्यायला चार बायका वल्हवतात. तिसरं वल्हं माझं. सध्या तात्पुरतं रिकामं. पहिली शर्यत १७ नोव्हेंबरला. सुकाणूवाला मर्व म्हणाला, फिजिओ हो म्हणाली तरच बोटीत बसायचं. फिजिओ टॅमसिन म्हणाली, पिलाटीसच्या व्यायामाचे सहा आठवडे, मग बघू. मी चार धरते.

बुधवार, ९ ऑक्टोबर
टॅमसिनने पोटावर जेल लावून सोनोग्राफी केली. पोटाचा सगळ्यात आतला स्नायू पडद्यावर दिसतो. म्हणाली, आवळ. आवळला. पुन्हा म्हणाली, आवळ. आवळलेलाच होता. पडद्यावर ढिम्म. तिचं निदान: मी श्वास धरून ठेवते, सोडत नाही. विचारलं, या यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालंय? तिने मार्चचा स्टिकर दाखवला. पोलाद कारखान्यात मी दिवसाला चाळीस दाबमापकं तपासते. स्टिकर कसे लागतात ते मला माहीत आहे.

बुधवार, १६ ऑक्टोबर
आज रिफॉर्मर, म्हणजे स्प्रिंगांवर सरकणारा पलंग. मला सगळ्यात हलकी स्प्रिंग. शेजारच्या पलंगावर ग्वेन, वय शहात्तर, नवा खुबा. तिला दोन जड. मी थरथरत होते (पलंग डगमगता असावा). ग्वेन म्हणाली, "पोरी, श्वास सोड की. परत मिळतो." वर्ग हसला.
ग्वेनचा खुबा टायटॅनियमचा आहे. तुलना ग्राह्य नाही.

गुरुवार, २४ ऑक्टोबर
घरचा व्यायाम रोज दोनदा, दहा मिनिटं. त्यासाठी तक्ता केला: रंग, सूत्रं, साप्ताहिक सरासरी. तीन संध्याकाळी त्यातच गेल्या, व्यायाम राहिला. रकान्यांत 'पूर्ण' लिहिलं आहे, ते नियोजनाबद्दल. टॅमसिन म्हणाली, "फार सुंदर. आता सोमवारचा व्यायाम करून दाखव."
सोमवारचा आठवला नाही. तक्ता घरी होता.

शनिवार, २ नोव्हेंबर
बोट ट्रेलरवरून उतरवताना हात लावला. फक्त हात. मर्वने विचारलं, टॅमसिनला विचारलंस का, बाई? म्हटलं, तत्त्वतः.

सोमवार, ४ नोव्हेंबर
आडवी. विश्रांती तक्त्यात होतीच. आज घातली.

बुधवार, १३ नोव्हेंबर
पुन्हा सोनोग्राफी. पुन्हा ढिम्म. टॅमसिन म्हणाली, रविवारी नाही. म्हटलं, क्लिनिकच्या पलंगावर बोटीची चाचणी होत नाही. शनिवारी किनाऱ्यावर ये, मला वल्हवताना बघ, मग ठरव. ती कॉलेजात असताना नदीवर वल्हवायची. म्हणजे जाणकार आहे. माझ्याच पथ्यावर.

शनिवार, १६ नोव्हेंबर
गुडघाभर पाण्यात बोट. टॅमसिन म्हणाली, आधी मी दाखवते. माझ्या जागेवर बसली, श्वास सोडला, वल्हं ओढलं. बोट सरकली. मर्वने चहाचा मग खाली ठेवला. विचारलं, "उद्या काय करतेस?" शर्यतीला लागणारं जीवरक्षकाचं प्रमाणपत्र तिच्याकडे आहे. इथे अर्ध्या गावाकडे असतं. मर्व म्हणाला, कागदांचं मी बघतो.
तिने मला विचारलं, तुझी हरकत नाही ना?
नाही म्हटलं. आवाज स्थिर होता. माझी चाचणी कुणाच्या लक्षात राहिली नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर
माझ्याकडे चार टॉवेल. शेजारी घडीच्या खुर्चीत ग्वेन. ती टॅमसिनला बघायला आली होती, मला नाही. तिसऱ्या लाटेवर बोट जवळजवळ उभी राहिली. तिसरं वल्हं डगमगेल अशी माझी तांत्रिक अपेक्षा होती. डगमगलं नाही. ग्वेन माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरी, श्वास."
सोडला. टॉवेलांखाली हात पोटावर होता. आत काहीतरी आवळलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा, अगदी स्पष्ट.
नोंद घ्यायला यंत्र नव्हतं. यंत्रवाली तिसऱ्या वल्ह्यावर होती.