सातव्या रकान्यातलं कारण

५ फेब्रुवारी १९३४, सोम.
बार्शीवाल्यांची नवी सर्व्हिस मोटार वैरागजवळ बंद पडली. लॉरीला बांधून आमच्या गॅरेजात ओढत आणली. इंजिन खोललं. बेअरिंग जळलेलं, तेलाचा थेंब नाही. घेऊन दोनच महिने झालेत, म्हणजे कंपनीची ग्यारंटी चालू. गॅरेजचे मालक म्हणाले, "कंपनीच्या मुंबई हापिसचा फॉर्म भर. पार्टात खोट होती म्हणून लिही."
खाली तेल सोडायचा बोल्टच नाही. नीट आवळला नसणार, वाटेत पडला. बुधवारी इथंच तेल बदललं ते आमच्या जुन्या मिस्त्री कासीमचाचांनी.
कुणाला बोललो नाही.

६ फेब्रु.
चाचांना कमी दिसतं हे दिवाळीपासून बघतोय. बोल्ट बोटांनी चाचपून लावतात. मला पाना धरायला शिकवला तो त्यांनीच. माझ्या वरातीची मोटारही त्यांनीच हाकली, नव्या टोपीत.
आज विचारत होते, "म्हादू, तेलाचा बोल्ट व्हता की जाग्यावर?"
"व्हता."
माझ्यासाठी रुमालात हुरडा आणलेला. तसाच बांधून घरी नेला.

८ फेब्रु., गुरु.
फॉर्म अजून खिशात. सगळा इंग्रजी. सातवा रकाना, बिघाडाचं कारण. खरं लिहिलं तर मुंबई पार्ट देणार नाही, मालक चाचांना घरी बसवतील. खोटं लिहिलं तर चाचा पुन्हा एखादा बोल्ट सैल सोडतील. मोटारीत माणसं असतात…

९ फेब्रु.
दुपारी भाकरी खाऊन चाचा शेजारी येऊन बसले.
"काल मी गाडीखाली गेलतो. बोट फिरवलं. भोक मोकळंच हाय. तू खोटं का बोललास?"
मी पाना पुसत राहिलो.
"लिव. कासीमनं बोल्ट आवळला न्हाय."
"मी न्हाय लिवणार, चाचा."
"मग मी सांगतो, तू नुसता हात चालव."
लिहिलं. त्यांनी कागद लांब धरला, मग डोळ्यांशी आणला. "ह्यात माजं नाव कुटं हाय?" बोट ठेवून दाखवलं. "लई बारीक लिवलंस की." दोघंही हसलो. मग फॉर्म घडी करून खिशात घातला.

१२ फेब्रु., सोम.
मालकांनी फॉर्म दोनदा वाचला. चाचांकडे बघितलं, सही केली. जळकं बेअरिंग खोक्यात घालून रेल्वेने रवाना.

२० फेब्रु.
मुंबईचं उत्तर नाही. मालकही काही बोलत नाहीत. चाचा रोज वेळेवर येतात. बोल्ट लावून झाला की पाना खाली ठेवत नाहीत, माझ्या हातात देतात. मी आवळून बघतो. ते तिथंच उभे राहतात, मी "हां" म्हणेपर्यंत.