स्वतः चालते, स्वतः जेवते

आई, आज कामावर मी खरं ते लिहिलं आणि दिवसभर कशातच मन लागलं नाही, म्हणून तुला सांगतेय.

नंदनवन भागातल्या ज्या वृद्धाश्रमात मी नर्स आहे, तिथे दर महिन्याला प्रत्येकाच्या तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो. स्वतः चालते का, स्वतः जेवते का, कुठे दुखतं का. आम्ही मागच्या महिन्याचा फॉर्म समोर ठेवायचो आणि नवा उतरवून काढायचो. वरच्या मजल्यावर एक आजी आहेत. चालायला आधार लागला की खालच्या मजल्यावर हलवतात, आणि यांची जिवाभावाची मैत्रीण वर यांच्याच खोलीत. म्हणून मी गेले की आजी खुर्चीत ताठ बसून म्हणायच्या, "चालतो न वं मी. लिहून टाक." मी लिहून टाकायचे. गेल्या आठवड्यात त्या न्हाणीत घसरल्या. मुक्या मारावर निभावलं. सोबत कोणी नव्हतं, कारण कागदावर त्या चालत होत्या.

तेव्हा तू आठवलीस. मी एका दवाखान्यात शिकाऊ नर्स होते, तू तिथेच आया. मी टेबलाशी बसून खाटांच्या अख्ख्या रांगेचा ताप भरून टाकला होता. तुला धड वाचता येत नव्हतं, पण तू ट्रेमधलं थर्मामीटर उचललंस. "हे तं कोरडंच हाय. मंग ताप कुठून लिहून राहिली वं?" तेही सगळ्यांसमोर. मला इतका राग आला की दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

आज मी आजींना म्हटलं, दारापर्यंत चालून दाखवा. मैत्रीण चिडली, "काहून तरास देऊन राहिली वं तिले?" आजी उठल्या. पलंग धरला, मग टेबल, मग खिडकीचा गज. पुढे धरायला काही नव्हतं, तिथे थांबल्या. मी 'आधार लागतो' असं लिहिलं. संध्याकाळी त्यांचं सामान खाली गेलं. मैत्रिणीला रोज दुपारी त्यांच्याजवळ बसू द्या, असं मी ऑफिसात सांगून आले, पण आजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. तुझ्या शेवटच्या महिन्यात डॉक्टर विचारायचे आणि मी ठणकावून सांगायचे, "स्वतः जेवते." ताट रिकामं असायचं ना. तुला गिळवत नव्हतं, पोळी तू खिडकीतून गाईला टाकायचीस, हे शेजारणीने तू गेल्यावर सांगितलं. मी एकदाही तुझ्याजवळ बसून तुला जेवताना पाहिलं नव्हतं.