खारूचा उजवा डोळा

प्रिय बाब्या,

रविवारी सगळ्यात आधी कोण टपकलं, ओळख बघू. विहीणबाई! नऊसुद्धा वाजले नव्हते. मी नुकतंच डोकं धुतलेलं, केस मोकळे, आणि या दारात उभ्या, काखेत उशी. स्वतःची उशी घेऊन आल्या रे! म्हणाल्या, तुमच्याकडच्या उशा फार उंच, माझी मान धरते. मी म्हटलं, या या, मान तुमची, उशी तुमची, आम्ही आपली नुसती जमीन द्यायची. हसल्या, पण चपला काढायच्या आधीच विचारलं, माझी नात कुठाय, दाखवा तिचा डोळा. माझी नात म्हणे! जशी काय ती माझी कोणी लागतच नाही. खारू मागच्या गॅलरीत झाडांना पाणी घालत होती. तिला त्यांनी उजेडात उभं केलं, वरची पापणी ओढली, खालची पापणी ओढली, आणि म्हणाल्या, ठीक दिसतोय. डोळा मुळात ठीकच आहे. डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं, पण यांनी बघितल्याशिवाय ते खरं कसं व्हायचं!

तर तूही आधी तेवढं ऐकून घे. खारूचा उजवा डोळा आता पांढराशुभ्र आहे. लाल झाला त्याला आता दोन आठवडे होत आले. बुबुळावर जखम नाही, काही नाही. थेंब अजून दोन दिवस घालायचे आहेत. ती स्वतः आठवण करते, आजी थेंब, आणि डोकं मागे टाकून बसते, चिमणीच्या पिल्लासारखं तोंडही उघडते. मी म्हणते, अगं तोंडात नाही घालायचे. ते मिटतं, आणि दुसऱ्या वेळी पुन्हा उघडतं.

विहीणबाई आल्या त्या तुझ्या फोनमुळे. लेन्स आता कायमच्या बंद, उद्यापासून चष्मा, हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही, असं तू म्हणालास. सूनबाई बरं म्हणाली आणि फोन ठेवल्यावर चादरीच्या घड्या करत बसली, झालेल्याच घड्या मोडून पुन्हा करत. मग तिने आईला कळवलं. तू आता म्हणतोस तेच विहीणबाईंचं म्हणणं होतं, पहिल्यापासून. एवढ्याशा पोरीच्या डोळ्यात काचा कसल्या घालता. मी शंभरदा सांगितलं, काच नसते हो ती, दुधावरच्या सायीपेक्षा मऊ असते. पण त्यांना काच म्हणायलाच आवडतं.

खरं सांगू का, मलाही आधी भीती वाटली होती. तू कामावर परत गेलास त्याच आठवड्यात लेन्स सुरू झाल्या, त्यामुळे तुला ते दिवस बघायला मिळाले नाहीत. पहिल्या दिवशी डोळ्यांच्या बाईंच्या दुकानात खारूला चाळीस मिनिटं लागली. या बाई म्हणजे चष्म्याच्या दुकानात नंबर काढतात, लेन्स बसवून देतात त्या. त्यांना सगळे डोळ्यांच्या बाईच म्हणतात. लेन्स बोटावरून नाकावर, नाकावरून गालावर, एकदा तर माझ्या पदरावर. सूनबाईला घाम फुटला. खारू मात्र हसत होती, आणि शेवटी एकदाची बसली तर खिडकीबाहेर बघून म्हणाली, आजी, समोरच्या गच्चीवरच्या मांजराला मिशा आहेत. बाब्या, मांजराला मिशा असतात हे तिला माहीत होतं रे. दिसल्या पहिल्यांदा. चष्म्यातूनही दिसल्या असत्या म्हणा, पण चष्मा सारखा नाकावरून घसरायचा आणि ती त्याच्या वरूनच बघायची.

बाईंनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते, चुकलं तर हस. पोर वाढते तसा डोळ्याचा गोळाही वाढतो. काही मुलांचा तो थांबतच नाही, फुग्यासारखा मागे लांब होत जातो. जेवढा लांब, तेवढा नंबर मोठा. चष्मा लांबचं दाखवतो, पण साधा चष्मा गोळ्याला थांब म्हणत नाही. या लेन्समध्ये मधोमध दिसायची जागा आणि तिच्याभोवती वर्तुळं असतात, डबक्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. त्यांच्यामुळे गोळ्याला म्हणे निरोप जातो, की बाबा आता जरा दमाने. नंबर जात नाही, कमीही होत नाही. हळू वाढतो, एवढंच. आणि रोज उन्हापावसाचं बघून दोन तास बाहेर खेळायचं, ते वेगळं. म्हणून हल्ली मी तिला संध्याकाळी मैदानावर घेऊन जाते आणि बाकावर बसून इतर आज्यांची हजेरी घेते. त्यातल्या एकीला माझी टाचणीसारखी जीभ आवडत नाही असं कळलं, पण जागा माझ्या शेजारचीच धरते.

सहाव्या वर्षी चष्मा लागला तेव्हा एक नंबर होता, आठव्या वर्षी अडीच, नवव्याला साडेतीन. दर सहा महिन्यांनी नवा चष्मा. तुझा आठ आहे म्हणून सूनबाई घाबरली होती. आणि लेन्स लागल्यावर सहा महिन्यांनी मोजलं तर नंबर तेवढाच. गोळा मोजायचं यंत्र आहे, त्यात हनुवटी टेकवायची. त्यातही अगदी केसाएवढी वाढ. बाई म्हणाल्या, सगळ्यांनाच एवढा गुण येत नाही, हिला चांगल्या लागू पडल्यात. त्या दिवशी सूनबाई छापखान्यातून रजा काढून आली होती. घरी येईपर्यंत ती आणि खारू रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत आल्या. शौचालयाची पण वाचली. मी मागे मागे, ओळख नसल्यासारखी.

तर रविवारी. विहीणबाईंचा चहा होतो न होतो तोच डोळ्यांच्या बाई आल्या. सुट्टीच्या दिवशी, आपणहून. सूनबाईने त्यांना तुझा निर्णय कळवला होता. त्या म्हणाल्या, आईवडील नको म्हणाले तर मी एक शब्द बोलणार नाही, दोघांचं एकमत असल्याशिवाय मी लेन्स देतही नाही. फक्त डोळा लाल का झाला ते मला कळलं पाहिजे. विहीणबाई लगेच म्हणाल्या, कळायचं काय त्यात, पोर आहे, धुतले नसतील हात. तूही फोनवर खारूला तेच म्हणालास. सूनबाईही म्हणाली होती. मी शेंगदाणे सोलत होते.

बाईंनी खारूला म्हटलं, डोळ्यात आज काही घालायचं नाही, पण रोज कसं करतेस ते नुसतं करून दाखव. बाब्या, तू बघायला हवं होतंस! बाह्या वर. साबण, तळहात, बोटांच्या बेचक्या, नखं. स्वच्छ पंच्याने पुसून हात असे वर धरून आली, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखी. मग बोटाच्या टोकावर लेन्स असल्यासारखं धरून डोळ्यांसमोर फिरवलं आणि म्हणाली, आधी बघायचं वाटी आहे की ताटली. काठ आत वळले तर वाटी, म्हणजे सुलटी. बाहेर वळले तर ताटली, म्हणजे उलटी. विहीणबाईंनी कप खाली ठेवला. बाई म्हणाल्या, माझ्याकडे मोठमोठी माणसं येतात, त्यांना हे जमत नाही. खारू खूश व्हायला हवी होती ना? ती म्हणाली, मग माझा डोळा का लाल झाला? मी त्या दिवशी पण हात धुतले होते. आणि जरा थांबून म्हणाली, बहुतेक.

तिने हात धुतले होते. मी तिथेच उभी होते, मीच तिला पंचा दिला होता. आणि अकरा दिवस ती पोर दिवसातून वीसदा हात धुतेय, बोटांची सालं निघालीत, कारण घरातल्या मोठ्या माणसांनी तिला सांगितलं की तू धुतले नव्हतेस. तिचा तिच्याच हातांवरचा विश्वास उडायला लागला होता. शेंगदाणे खाली ठेवून मी उठले, आतल्या खोलीत गेले आणि माझी बटणांची चपटी डबी आणून सगळ्यांसमोर उघडली.

आता तुला सांगते तसंच मी त्यांना सांगितलं. त्या लेन्स एका दिवसाच्या असतात. सकाळी घालायच्या, संध्याकाळी काढून टाकून द्यायच्या. मी तीस वर्षं लोकांची काजंबटणं केली. फाटक्या सदऱ्याचंही बटण मी फेकलं नाही, हे तुला ठाऊक आहे. रोज संध्याकाळी कचऱ्याच्या टोपलीत त्या दोन चकाकत्या टिकल्या पडलेल्या बघवायच्या नाहीत मला. एकदा उचलल्या, नळाखाली धुतल्या, रुमालावर ठेवल्या. वाळल्यावर माशाच्या खवल्यासारख्या कडक झाल्या, आणि पाण्यात टाकल्या तर पुन्हा मऊ! मला इतकी गंमत वाटली. मग रोजच साठवायला लागले. कशासाठी, ते मलाही नक्की माहीत नव्हतं. तर डोळा लाल झाला त्या गुरुवारी खारूची उजवी लेन्स बोटावरून निसटून मोरीत गेली. शाळेत धावण्याची शर्यत होती, ती रडकुंडीला आली. सूनबाई साडेसहालाच कामावर गेलेली. नवं पाकीट माझ्या हाताशी होतं रे. हाताशी! पण मला वाटलं, एका सकाळसाठी कशाला नवं फोडायचं. तिला म्हटलं, तू वेणी घाल तोवर मी काढून ठेवते. आणि डबीतली एक नळाच्या पाण्यात भिजवून तिच्या तळहातावर ठेवली. उजवी की डावी, तेही मला माहीत नव्हतं. ती म्हणालीसुद्धा, आजी, आज जरा अंधुक वाटतंय. मी म्हटलं, दूध संपव आधी.

दुपारी शाळेतून फोन आला, डॉक्टरांकडे धावपळ झाली, आणि सगळे हात हात म्हणायला लागले तेव्हा मी गप्प बसले. पहिल्या दिवशी भीतीने. दुसऱ्या दिवशी, काल नाही बोलले तर आज कसं बोलणार म्हणून. पुढे तर बोलायला तोंडच राहिलं नाही.

डबी बघून विहीणबाई गप्प, हे मी बावीस वर्षांत प्रथम पाहिलं... चुकले, लग्नाला बारा वर्षं झाली तुझ्या, मला ती बावीस वाटतात. बाई ओरडल्या नाहीत. माझ्याजवळ सरकून बसल्या आणि सांगितलं, आजी, नळाच्या पाण्यात असे जंतू असतात की त्यांनी बुबुळ कुरतडलं तर नजर जाते. नशीब बलवत्तर, थोडक्यात निभावलं. सूनबाई उठून आत गेली, भांड्यांचा आवाज झाला जरा, मग बाहेर आली आणि खारूपुढे खाली बसून तिला म्हणाली, मी तुला उगीच बोलले, चूक माझी. माझ्याकडे तिने दोन दिवस बघितलं नाही. बरोबरच आहे. आज सकाळी माझ्या ताटात न विचारता वाढलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. आणि खारू? ती डबीत बघत होती. म्हणाली, आजी, तू माझे डोळे साठवत होतीस? आणि जी हसत सुटली, की विहीणबाईंनाही हसू आवरेना. डबी मी बाईंसमोरच रिकामी केली. लेन्स पुन्हा सुरू झाल्याच तर सकाळी आरसा मी धरणार, लेन्सला हात लावणार नाही. जास्तीची जोडी सूनबाई खारूच्या हाताशी ठेवून जाणार.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू बरं बरं म्हणतोस आणि मागे तुमच्या कामावरचे पंप सुरू होतात. आणि मला आणखी एक सांगायचं आहे, ते तोंडाने कधीच निघालं नाही. तू सात वर्षांचा असताना पाटी नाकाला लावून बसायचास आणि मी पाठीत धपाटा घालायचे, की झोपतोस काय. हंड्यावर आपटलास की धांदरट म्हणायचे. तीन वर्षं. शेवटी मास्तरांनी चिठ्ठी पाठवली तेव्हा कुठे तुला चष्मा लागला. पुढे आगीच्या बंबावरच्या भरतीत डोळ्यांपायी तुला परत पाठवलं, तेव्हा घरी येऊन तू म्हणालास, आई, मीच लहानपणी पडून वाचलं, त्याने झालं. मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. असल्या लेन्स तेव्हा नव्हत्या, नंबर वाढायचा तो वाढलाच असता. पण तुझा काही दोष नव्हता, आणि ते मला माहीत असून मी तुला तसंच वाटू दिलं. पोराने स्वतःला बोल लावून घेतला की आईची सुटका होते रे, म्हणून. तुझ्या बाबतीत उशीर झाला. खारूच्या बाबतीत अकरा दिवसांतच तोंड उघडलं. लेन्सचं काय ते तू आणि सूनबाई ठरवा, राग आला तर माझ्यावर काढ, पण त्याआधी खारूला फोन कर आणि तू स्वतः सांग, की तुझे हात स्वच्छ होते. माझ्या सांगण्याने तिचं निम्मंच समाधान झालंय. तुझा फोन आला तर बरं, कारण डोळ्यांच्या बाई डोळा पुन्हा तपासायला यायच्या आहेत, आणि लेन्स पुन्हा द्यायची की नाही ते तेव्हाच ठरेल. विहीणबाईही येणार, उशी इथेच ठेवून गेल्यात. दोघीही पुढच्या गुरुवारी, सकाळी दहाला.

तुझीच, उशिरा तोंड उघडणारी,
आई