शांततेचा बाजारभाव

ती. मामांना,

तुमच्या गुडघेदुखीला आणि मामींच्या रागाला भाच्याचा साष्टांग नमस्कार. दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक, फक्त माझ्या कानांचे काही खरे नाही.

राहत्या घरात धंदा करू नये, असा नियम नगरपालिकेने काढला, तेव्हा मी अख्खी गल्ली गोळा करून काय भाषण ठोकले ते तुमच्या कानावर आले असेलच. (तुम्ही तिथूनच हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालात, म्हणून तुमचे नाव घेतले नाही, 'आयत्या पगारावर लुडबुड करणारे' एवढेच म्हणालो.) ज्याचे घर त्याची मर्जी! शिंपी आणि गिऱ्हाईक राजी, तर मध्ये कशाला सरकारी काजी? टाळ्या पडल्या, नियम मागे घेतला गेला, आणि शेजारच्या बँडमास्तरने मला एवढा मोठा हार घातला. तेव्हाच ओळखायला हवे होते, की माणूस फुलांवर उगीच खर्च करत नाही.

लगेच त्याने माझ्या कापणीच्या टेबलाला लागून असलेल्या भिंतीपलीकडे बँडचा क्लास काढला. शिष्यांपैकी सूर एकालाही नाही, दम मात्र सगळ्यांना. मुख्याध्यापकांच्या कोटाचे कापड कापत होतो, तोच ढोल कडाडला आणि कात्री बाहीतून थेट पाठीत शिरली. जोडून, झाकून कोट शिवला. मुख्याध्यापक आरशात बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा माझ्यासाठी शिवलाय की माझ्याविरुद्ध?" शाळेच्या गणवेशांचे काम त्याच दिवशी हातचे गेले. (त्यावरच आमची चूल पेटायची, मामा.) तुमची भाचेसून कानात कापूस घालून बसते. माझेही बोलणे ऐकू येत नाही, एवढाच फायदा, असे म्हणते.

शेवटी बँडमास्तरकडे गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "माझी भिंत, माझी मर्जी. तुम्हीच शिकवलंत." बरे, दुपारी तरी गप्प राहायचे काय घ्याल, असे विचारले. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. तो म्हणाला, "अहो, गल्लीत शांतता विकायला आहे ती माझ्याकडेच. माल एकाकडेच असला की भाव चढणारच!" मी म्हणालो, शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही? तर म्हणाला, "ते तुमच्या भाषणात नव्हतं."

मामा, माझे तत्त्व बदललेले नाही. स्वातंत्र्य प्रत्येकाला हवेच. फक्त ते फुंकून वाजवता कामा नये.

तुमचा भाचा

ता. क. : तुमच्या हाताखालचा माणूस आता नगरपालिकेत साहेब झालाय म्हणे. त्याला सांगून तो नियम परत आणता येईल का? (शिवणकाम वगळून.)

आणखी ता. क. : पाकीट चिकटवणार, तोच बँडमास्तर आला. सगळ्या बँडचे पोशाख शिवायला माझ्याकडेच टाकलेत, सोनेरी झालरीसकट, आणि शिष्य वाढतच आहेत. तेव्हा साहेबांना सांगा जरूर, पण काम तातडीचे आहे असे म्हणू नका. सरकारने हस्तक्षेप करावा, पण आपल्या नेहमीच्या वेगाने.