कोऱ्या पाण्याची बाटली

४ एप्रिल २००४, रविवार
दिल्लीत, द्वारकेत येऊन वर्ष झालं. सोसायटीच्या पाण्याचं कुणाला काही पडलेलं नाही, सगळ्यांचा जीव पार्किंगमध्ये. सरकारी लॅबमध्ये जन्म घालवलेला माणूस इथे मी एकटा. संकल्प : महिन्याभरात पाण्याचा सोक्षमोक्ष. शिवाय रोज सकाळी फिरणे. (गुडघा बरा झाला की.)

६ एप्रिल
गुडघा फारच. तळमजल्यावर नाडगौडा डॉक्टरांकडे गेलो. रिटायर्ड गृहस्थ, राहत्या घरातच दवाखाना. घरकाम करणाऱ्या बायकांकडून पैसे घेत नाहीत. मलम दिलं. चोळल्यावर हात साबणाने धुवा म्हणाले. हे मला, केमिस्टला. वडीलधारे म्हणून ऐकून घेतलं.

११ एप्रिल, सकाळी
सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीतून नमुना घेतला. लॅबमधली माझी ज्युनियर क्षिप्रा हटून बसली होती, सर, ब्लँक पण आणा. म्हणजे लॅबचं शुद्ध पाणी टाकीपाशी न्यायचं, तिथे दुसऱ्या बाटलीत ओतायचं आणि परत आणायचं. त्यात काही सापडता कामा नये. काही नसल्याची तपासणी! नव्या पोरांची फॅडं. आणला एकदाचा. ग्लव्ह्ज घातले नाहीत, उकडत होतं. जिन्यात गुडघ्याने दगा दिला, तिथेच बसून मलम चोळलं आणि कामाला लागलो. घरी उल्का म्हणाली, हल्ली चहाच्या कपालाही तुमच्या मलमाचा वास येतो. बायको असून कौतुक नाही.

२१ एप्रिल
सापडलं. टाकीच्या पाण्यात दुखण्यावरचं औषध. अगदी कणभर, पण आहे. क्षिप्रा म्हणते ब्लँक अजून मशीनवर लागायचाय, तोवर कुणाला बोलू नका. बिल्कुल नाही बोलणार.

संध्याकाळी
फक्त सेक्रेटरीला सांगितलं.

२५ एप्रिल
सोसायटीची मीटिंग. दवाखान्याच्या मोरीचा पाइप टाकीशेजारून जातो, एवढंच मी म्हणालो. पुढचं लोक म्हणाले. टाळ्या माझ्यासाठी. डॉक्टर उठले, म्हणाले, मुलं पितात ते पाणी, शंका असेल तर दवाखाना बंद ठेवतो. वाद घातला नाही. चूक असल्याशिवाय माणूस असा गप्प बसत नाही.

२९ एप्रिल
दवाखान्याला कुलूप. गेटवर एक कामवाली, कडेवर तापाने फणफणलेलं पोर. उल्का तिला रिक्षाने हॉस्पिटलात घेऊन गेली. आल्यापासून माझ्याशी बोलत नाही. समाजकार्यात हे चालायचंच.

४ मे
ब्लँकमध्येही तेच औषध. टाकीपेक्षा जास्त. क्षिप्राने माझ्या हातांकडे पाहिलं आणि खिडकी उघडली.

५ मे
बाटल्या खराब असतील. किंवा मशीन. नवी मशिनं अशीच.

७ मे
क्षिप्राने स्वतः येऊन, ग्लव्ह्ज घालून नमुना नेला होता. टाकीत काही नाही. ब्लँकमध्येही नाही. औषध माझ्याच हाताचं. लाज वाटते. जेवण गेलं नाही.

८ मे
संकल्प : आज सगळं लिहून नोटीस बोर्डावर लावायचं. बोर्डाची किल्ली सेक्रेटरीकडे, आणि तो लग्नाला पानिपतला. हायसं वाटलं, आणि त्याची आणखी लाज वाटली. उद्या थेट डॉक्टरांकडे जातो.

९ मे, रविवार
गेलो. दवाखान्याची पाटी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी गुडघ्याची चौकशी केली. मलम संपलं असेल म्हणून आतून नवी ट्यूब आणून दिली. चोळल्यावर हात धुता ना, म्हणाले.
हो म्हणालो, आणि पाटीकडे न बघता वर आलो.