अंडी असलेलं घर

तीर्थस्वरूप सायरुसीमामा,

खाली बसून, मान वाकवून, तीनदा टाळी वाजवून मग पत्र लिहायला घेतलंय. (टाळी कागदावर उमटत नाही, वाजवली एवढं धरून चाला.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? तुमची डोंगरावरची यांगोनाची झाडं डुकरांनी उकरली असं कळलं, फार वाईट वाटलं. आपल्याला त्या मुळ्या कुटून प्यायल्यावर येते तशी डुकरांना खाऊन गुंगी आली का, तेही कळवा. इकडे आई मजेत आहे. रोज सकाळी माझ्या नावाने ओरडते, त्या अर्थी छाती ठणठणीत.

तर मामा, मी लग्न करायचं ठरवलंय. केलेराशी. धक्क्याजवळच्या पेनायांची मुलगी. त्यांची होडी तीच चालवते. पिठाची पोती, नर्सबाई, टपाल, सगळं तिच्याच होडीतून येतं-जातं. हे लग्न ठरलंय हे तिला अजून माहीत नव्हतं, ही एक अडचण होती. दुसरी अडचण वाइसाले. तो सिनाईहून पलटणीतून सुट्टीवर आलाय, तिच्या दारासमोर पत्र्याचं घर बांधतोय, आणि कोनफळं निघाली की त्याचे काका मागणी घालायला जाणार. म्हणजे मला वेळ कोनफळं निघेपर्यंत. पण मी हटणारा नाही.

मला वाट दाखवली माशांनी. (हसू नका.) सुवाहून वुनिसेयाबाई आल्यात, त्या प्रवाळावर डुबकी मारून मासे मोजतात आणि मी वर त्यांची होडी धरून बसतो. बी.ए.चा एवढा तरी उपयोग झाला. तर ते पिवळ्या पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे, पंज्याएवढे मासे नाहीत का, ज्यांना आपण कालवणातही धरत नाही? त्यांचे नर विणीच्या दिवसांत एकाच खडकावर एकमेकांना खेटून जागा धरतात. अख्खा समुद्र मोकळा पडलाय आणि हे कोपराला कोपर लावून. मी बाईंना विचारलं, यांना दुसरीकडे जागा मिळत नाही का? बाई म्हणाल्या, अरे, अंडी खाणारे टोळीने येतात. एकटा नर एकाला हाकलेपर्यंत मागून दहा जेवून जातात. शेजार असला की सगळे मिळून हाकलतात. त्यातून जो मधोमध असतो त्याच्यापर्यंत येईस्तोवर चोरांची पोटं कडेवाल्यांकडेच भरलेली असतात. आणि माद्यांनाही बरं, एका फेरीत सगळे बघून होतात.

मामा, मी त्या दिवशी जेवलो नाही. माझं घर कुठे आहे तुम्हाला ठाऊक आहे. गावाबाहेर, पार टोकावर, एकटं. मीच शांतता पाहिजे म्हणून तिथे बांधलं. केलेराची होडी तिथून रोज जाते, पण वेग कमी न करता.

घर उचलून गावात आणता येत नाही (मी भावांना विचारून बघितलं). म्हणून बाकीचं जे नर करतात ते मी करायला लागलो. नर पिवळेपणा सोडून गडद निळा होतो. मी घर निळं रंगवलं. दुसऱ्या दिवशी गावातले दोन म्हातारे आपलं डुक्कर चोरीला गेल्याची तक्रार घेऊन आले, त्यांना वाटलं पोलीस चौकी झाली. नर मादी दिसली की वर उसळी मारतो, गिरकी घेतो, परत खाली येतो. केलेराची होडी दिसल्यावर मी खडकावरून पाण्यात उडी मारून तसंच केलं, तीनदा. तिने होडी वळवली. दोर फेकला, मला कॉलर धरून वर ओढलं आणि म्हणाली, "पोहता येत नाही तर खोलात कशाला मरायला जातोस रे?" आणि गेली. तरी होडी थांबली, हे लक्षात घ्या.

मग बाईंनी खरी गोष्ट सांगितली. मादी रिकाम्या घराकडे बघतच नाही. ज्याच्याकडे आधीच कुणाची तरी अंडी आहेत, तिथेच आपली घालते. हा सांभाळतो, याच्याकडे टिकतात, अशी खात्री पटते ना. (भूक लागली की नर त्यातली थोडी स्वतःच खातो, असंही बाई म्हणाल्या. ते मी मनावर घेतलं नाही.)

आपला इसिकेली, माझा चुलतभाऊ, त्याला सहा पोरं. मी ठरवलं, धाकटी तोकासा दिवसभर माझ्या ओट्यावर दिसली पाहिजे. आता नुसतं तोंडाने मागणं बरं दिसत नाही म्हणून यांगोनाच्या मुळ्यांची चांगली जाड मोळी घेऊन गेलो, पुढे ठेवली, रीतसर बोललो, की तोकासाला माझ्या घरी राहू द्या. इसिकेलीचे डोळे भरले. त्याच्या सासऱ्याने मोळीला हात लावला, लांबलचक भाषण केलं, आजपासून हिचा बाप तू वगैरे. मला वाटलं, भाषणात म्हणतात तसं. मी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी तिला परत सोडायला निघालो तर समोरून लुसियानावहिनी येत होती. चटई, उशी, तोकासाची लाडकी कोंबडी, सगळं घेऊन. म्हणाली, "भाऊजी, हिला रात्री पाठीवर थोपटावं लागतं. आणि रडली तर आणून सोडू नका हं, आम्हाला फार लागेल." मग माझ्या लक्षात आलं. मोळी ठेवून मागितलेलं पोर दत्तक असतं. चार वर्षं सुवात राहिलो, हे डोक्यातून पार निघून गेलं होतं.

पण मामा, होडी थांबायला लागली. पहिल्या दिवशी केलेराने होडीतूनच विचारलं, "ही कुणाची?"

"माझी."

"आणि खायला काय घालतोस?"

"कसावा."

"नुसता?"

दुसऱ्या दिवशी पपई आली. मग मासळीचं कालवण. काल तिने तोकासाच्या डोक्यातल्या उवा काढल्या आणि तासभर मला बोल लावले. वाइसालेच्या घरावर पत्रा चढलाय, पण त्या पत्र्याखाली अजून कुणी तासभर बसलेलं नाही.

मामीला नमस्कार. आशीर्वाद असावा.

तुमचा भाचा,
केलेपी

ता.क. भाच्याने मामाच्या घरातलं काहीही मागावं आणि मामाने नाही म्हणू नये, ही रीत तुम्हीच मला शिकवलीत. तर एक तांबुआ घेऊन लगेच या. तो देवमाशाचा दात पुढे ठेवल्याशिवाय तोकासा परत देता येत नाही. नुसती दिली तर इसिकेली जन्मभर बोलणार नाही. ती रोज तिकडे खेळायला जाते आणि जेवायला माझ्याकडे येते, हे मला झेपत नाही.

दुसरा ता.क. दोन आणा. दुसरा पेनायांच्या पुढे ठेवायला. मी आज विचारलं. "बघते," म्हणाली. कोनफळांचे वेल पिवळे पडायला लागलेत, तेव्हा घाई करा.

तिसरा ता.क. हे धक्क्यावरून लिहितोय. टपाल तिच्याच होडीतून जातं, त्यामुळे पत्र तिने वाचलंय. उसळीच्या जागी फार हसली. म्हणाली, एकच दात मागव, पोर कुठे जात नाही. मी म्हटलं, म्हणजे मी सांभाळतो हे पटलं ना तुला? तर म्हणाली, "छे रे. तुझ्याकडे पोर एकटं सोडवत नाही म्हणून येतेय." तरी येतेय ना, मामा. मोठ्यातला मोठा आणा.