वर्गाच्या पानावरची पाहुणी

१७ ऑगस्ट

प्रिय छोटे,

आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी ठीक आहे. एकाच शाळेत, एकाच मजल्यावर शिकवणारी सख्खी बहीण पत्र पाठवते म्हणजे तिचं डोकं फिरलंय, असं तुला वाटेल. समोर बोलायला आले तर भांडेन, म्हणून लिहितेय.

तुझ्या सातवीचं सध्या भारी कौतुक चाललंय. इंटरनेटवरच्या एकाच पानावर सगळा वर्ग मिळून लिहितो, एकमेकांचं सुधारतो, घरूनसुद्धा. परवा सभेत मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुम्हाला या वयात नाही जमायचं, बाई." मी हसले. नुसते दात दाखवले म्हण.

तेही गिळलं असतं गं. पण माझी लेक तुझ्या वर्गात आहे. घरात काही विचारलं की "हो", "नाही", "बघू". आणि तिथे तिने आपल्या गल्लीतल्या पाण्यावर केवढं लिहिलंय! एका मुलाला टाकीत पाणी कसं चढतं ते किती मायेने समजावलंय. मला कधी "आई, हे वाच" म्हणाली नाही. माझा नुसता जळफळाट झाला. पोटची पोर माझी आणि मन मोकळं करायला तुझा वर्ग.

मला कसं कळलं विचारशील. तिच्या फोनवरून त्या पानाची लिंक गुपचूप माझ्या फोनवर घेतली आणि नाव न देता आत शिरले. तिथे मी फक्त 'पाहुणा' दिसत होते. तिचं लिखाण चूक सापडावी म्हणून पुन्हा पुन्हा वाचलं. सापडली नाही. तरी हात स्वस्थ बसेना. बाजूला शेरा मारला, 'अक्षर सुधारा.'

टाइप केलेल्या मजकुराला, छोटे. वह्यांवर हाच शेरा मारायची इतक्या वर्षांची सवय.

मुलं तेव्हा त्या पानावरच होती. हसऱ्या चेहऱ्यांनी त्यांनी पान भरून टाकलं. एकाने लिहिलं, "हा कोण? काढा याला." मी फोन बंद करणार तोच लेकीची ओळ आली, "माझी आई आहे. हसू नका. राहू दे तिला, पहिल्यांदाच आलीये."

ती आतल्या खोलीत होती, मी स्वयंपाकघरात. दोघी जागच्या हललो नाही. अजून त्यावर बोललेलो नाही.

तुझा हेवा वाटतो आणि तो इतक्यात जाणार नाही. पण तिने मला राहू दिलंय, तू काढू नकोस.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
ताई